केबिनातले पाहुने

आमच्या वर्कशॉपात नवा मानूस आला की आदी दारातच थबकायचा. त्याला वाटायचं, आपन चुकून दवाखान्यात आलो. दर लेथच्या डोक्यावर सळईला सलाईनची बाटली टांगलेली, खाली बारीक नळी, नळीला ते बोटानं फिरवायचं चाक, अन् थेंब थेंब गळतंय. फकस्त खाली पेशंटच्या जागी लोखंड. आमचे मालक पाठीमागं हात बांधून या मशीनीवरनं त्या मशीनीवर जायचे, डाक्टरावानी. चाक जरासं फिरवायचे, थेंबाकडं बघत उभे ऱ्हायचे अन् म्हनायचे, "ह्याला येवढं कशाला? ह्यो धडधाकट हाय. कमी करा."

बाटलीत सलाईन नव्हतं, करडईचं तेल हुतं. ते तिथं कसं गेलं ते सांगते, पन आदी मानूस सांगते.

आता ते न्हाईत. मी बी कामाला जात न्हाई, गुडघं म्हनत्यात बस आता. बसलं की मालक आठवत्यात. बुटकं ध्यान, डोक्यावर टक्कल, अन् शर्टाला दोन खिसे. आमच्या एमआयडीसीत मालकापासनं वॉचमनपातूर समद्यांच्या शर्टाला एक खिसा. ह्यांना दोन लागायचे. शिंप्याच्या पुढं उभं ऱ्हाऊन शिवून घ्यायचे. डाव्या खिशात दिवसभराच्या खर्चाच्या पावत्या. उजव्या खिशात खोकल्याच्या औषदाची रिकामी बाटली, अन् तिच्यात मशीनीखालचं घान पानी. सुट्टी झाली की दोनी खिसे टेबलावर रिकामे करायचे अन् बघत बसायचे. पावत्यांकडं बघून कपाळाला आठ्या, बाटलीकडं बघून बी आठ्या. बाटली कदी कदी गळायची. मालकीनबाई म्हनायच्या, "ह्यांचा उजवा खिसा अजून कुटल्या साबनाला बधला न्हाई."

मी एकदा इचारलं, "मालक, ही घान खिशात घालून का हिंडता वो?"

तर म्हनले, "अक्का, लोकं खर्च खिशात घालत्यात अन् घान वढ्यात. मी दोनी खिशात घालतो. शर्ट एकच हाय ना? एकीकडं लई वजन झालं की शर्ट तिकडं झुकतो, लगीच कळतं."

मला तवा काय उमजलं न्हाई. वाटलं, भलं मानूस हाय पन डोक्यानं जरा हललंय.

मी त्यांच्याकडं कशी आले, ते माज्या हातांमुळं. नवरा गेला तवा पोरं बारकी हुती. रान न्हाई, कुनाचा आधार न्हाई. एमआयडीसीत एका वर्कशॉपात झाडायला लागले. लोखंड कापताना लई तापतं, म्हनून त्याच्यावर एक पांढरं पानी सोडत्यात. कूलंट म्हनत्यात त्याला. नवं असतं तवा दुधावानी दिसतं, जुनं झालं की असला वास मारतंय की घास उतरत न्हाई. लोखंडाचा जो कीस निघतो तो ह्या पान्यात भिजलेला असतो, अन् तो आमी बाया हातानं घमेल्यात भरायचो. हातमोजे कुनी दिले न्हाईत, आमी मागितले न्हाईत. आदी खाज आली, मंग कातडं फाटलं. बोटांच्या बेचक्यांत भेगा. पिठात हात घातला की पिठाला लाल डाग पडायचा. मंग भाकरी थापायची बंद केली. पोरगी बारकीच हुती, ती चुलीपुढं बसायला लागली. तिच्या भाकरी एकीकडं जाड, एकीकडं करपलेल्या. खाल्ल्या. काय करायचं.

कुनीतरी सांगितलं, पलीकडच्या गल्लीत एक वेडा मालक हाय, त्याच्याकडं जा. गेले. त्यांनी नाव इचारलं न्हाई, गाव इचारलं न्हाई. म्हनले, "हात बघू."

मी हात पदराखाली घेतले.

"अगं, लगीन जमवायला न्हाई बघत. दाव."

दावले. ते लई येळ बघत राह्यले. माज्या हातांकडं बघून त्यांनी आमच्या आदीच्या मालकाचं नाव बरोबर सांगितलं. त्याच्या पान्यात कुठलं औषद जास्ती असतं ते बी सांगितलं. मंग म्हनले, "ये उद्यापासनं. पन हात बरं होईस्तवर फकस्त झाडायचं. किसाला हात लावला तर हाकलून दीन."

त्यांच्याकडं मी अन् सुमन, अशा दोघी. सुमन माज्याच वस्तीतली, वढ्याकाठची. तिची जीभ लई तिखट. अन् एक शिवराम मिस्त्री, मशीनीवरचा जुना कारागीर, तो मालकाशी रोज भांडायचा अन् रोज त्यांच्याच डब्यातली भाजी खायचा.

मालक चिक्कू हुते, हे बी सांगायला पायजे. चहा अर्धा कप. त्यातला बी घोटभर बशीत ऱ्हायला तर म्हनायचे, "ह्यो कुनाचा?" चिंध्या धुवून परत वापरायच्या. जमिनीवर पडलेला नट उचलायला चालती स्कूटर थांबवायचे. पन पान्याच्या बाबतीत उलटं. शेजारपाजारचे समदे जुनं पानी मागल्या दारानं वढ्यात सोडायचे. कायद्यानं ते पानी साफ करायला द्यायला लागतं, त्याला गाडी येती, गाडीला पैसं पडत्यात. मालक ते पैसं देताना असं तोंड करायचे की दाढच काढतायत. पन द्यायचे. म्हनून त्यांच्या डोक्यात सदा एकच, ते पानी कमी कसं लागंल. रोज सकाळी टाकीत बोट घालून वास घ्यायचे. वरची तेलाची साय पळीनं काढायचे, आपन दुधावरची काढतो तशी.

एकदा तर कहर केला. किसाला चिकटलेलं पानी वाया जातंय म्हनून घरची कपडे धुयाची मशीन उचलून आनली. तिच्यातल्या वाळवायच्या डब्यात कीस घातला अन् दिला फिरवून. पानी खाली जमा, कीस वरती कोरडा खडखडीत. पानी परत वापरलं, अन् कोरड्या किसाला भंगारवाल्यानं भाव बी बरा दिला. मालक नाचायचेच बाकी हुते. "अक्का, आज दोनी खिसे हसले!"

तिसऱ्या दिवशी मालकीनबाई वल्ल्या कपड्यांची बादली घेऊन वर्कशॉपाच्या दारात.

"मशीन हितं हाय तर कपडे बी हितंच वाळतील," म्हनल्या.

शिवराम मिस्त्री मशीनीमागं तोंड लपवून हसायला लागला. मालकांनी मुकाट्यानं डबा पुसला अन् कपडे फिरवून दिले. ते लोक ख्रिश्चन, रविवारी चर्चला जायचे. त्या रविवारी बाईंच्या पांढऱ्या साडीच्या काठाला पितळेचा बारीक कीस अडकून राह्यलेला. उन्हात असा चमकला की शेजारनीनं इचारलं, "जरी कुटली वो? येवल्याची का?" बाई म्हनल्या, "न्हाई, एमआयडीसीची."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आमी मशीनींची पूजा करायचो. मालक ख्रिश्चन असले तरी कामगारांसाठी नारळ, फुलं, पेढे समदं आनायचे. लेथला हार, ड्रिलला हार, शिवरामच्या पाना-पकडींना हळदकुंकू. मंग सगळ्यात जाड झेंडूचा हार घेऊन मालक मागं जायचे, जिथं जुन्या घान पान्याचा डरम असायचा. त्याच्या गळ्यात घालायचे.

शिवराम म्हनायचा, "मालक, घानीला हार?"

"पाहुना हाय त्यो. आपनच बोलावलाय. गाडी येईस्तवर त्याला नीट ठिवायचं."

आमी हसायचो. सुमन म्हनायची, "पाहुन्याला पेढा बी चारा." तर खरंच एक पेढा डरमाच्या झाकनावर ठिवायचे. तो मंग सुमनच खायची.

हे समदं हसन्यावारी चाललं हुतं. अन् मंग पुन्याच्या कंपनीचा साहेब आला.

आमचं निम्म्याहून जास्ती काम त्या एका कंपनीचं. साहेब तरना, बोलायला गोड. मी चहा घेऊन गेले तवा केबिनात बोलनं चाललं हुतं.

"काका, भाव कमी करावा लागेल. तुमच्या शेजारचे याच्यापेक्षा कमीत द्यायला तयार आहेत."

"त्यो जुनं पानी कुटं टाकतो, इचारलं का त्याला?"

"ते माझं काम नाही."

"मंग त्याच्या भावात वढा फुकट हाय. माज्या भावात वढ्याचं भाडं हाय."

साहेब हसला. "वढ्याचं बिल आमच्याकडं पास होत नाही, काका. दिवाळीनंतरचा माल नव्या भावात द्या. नाही जमलं तर काम शेजारी जाईल. माझा नाइलाज आहे."

साहेब गेल्यावर मालक बाहेर आले. शिवराम म्हनला, "काय झालं?" मालक म्हनले, "काय न्हाई, चहा पी." पन आमी ऐकलं हुतं. काम गेलं की आदी बाया जानार. अन् बायांनी जायचं कुटं? काम जिकडं गेलं तिकडंच. त्याच पान्यात. माजे हात तवा कुटं बरे झाले हुते. मी घरी येऊन भाकरी थापली अन् तव्यावर टाकताना मनात आलं, ह्या भाकरी आता दिवाळीपातूरच.

मंग मालकांनी खानंपिनं सोडल्यासारखं केलं. एक दिवस कुन्या नातेवाइकाला बघायला दवाखान्यात गेल्ते, तिथनं आले ते डोळे असे फाडून. "शिवराम, पेशंट मोठा अन् थेंब येवढासा! अन् आपन लोखंडाला बादलीनं आंघोळ घालतोय."

मेडिकलवाल्याकडनं तारीख उलटलेल्या सलाईनच्या बाटल्या आनल्या, नळीसकट. पांढऱ्या पान्याऐवजी तेलाचा थेंब, अन् मागनं बारीक नळीनं हवेची फुंकर, म्हंजी थेंब नेमका कापनाऱ्या टोकावर बसतो. तेल कुटलं? तर मालकीनबाईंचे भाऊ खर्डा गावाकडं, त्यांच्या रानात करडई. तेलाच्या घान्यावरनं डबे आले. स्वस्तात, घरचं.

अन् चाललं! शिवराम आदी म्हनला, टूल, म्हंजी ते कापायचं टोक, जळनार. न्हाई जळलं. टाकीत पानी न्हाई, वास न्हाई, डरम भरना झाला. घान न्हाई तर गाडीचा खर्च न्हाई. नव्या भावात बी काम परवडत हुतं. फकस्त एक झालं, समद्या वर्कशॉपात भजी तळल्याचा वास. अकरा वाजल्यापासनं समद्यांना भुका. येनारे जानारे डोकावून इचारायचे, "प्लेट कशी दिली?" गल्लीत आमचं नावच भजी कंपनी पडलं. माज्या अन् सुमनच्या हाताला दिवसभर तेल लागायचं, हात असे मऊ झाले की सुमन म्हनायची, "अक्का, आता सासू म्हनंल, ही कामाला जाती का मालिश करून घ्यायला?"

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी मालक लई खुशीत. सुट्टीत मशीनी बंद ऱ्हानार, गंज धरतील, म्हनून दर वर्षी त्यांना मशीनीचं तेल फासायचं. मालक म्हनले, "विकतचं कशाला? करडई हाय की. हात राखू नका." मी अन् सुमननं समद्या मशीनींना, सरकत्या पट्ट्यांना, फिरत्या चाकांना करडईचं तेल चोपडलं. लेकराला न्हाऊ घालायच्या आदी लावतो तसं. मशीनी लखलख करायला लागल्या. मालकांनी आमाला फराळाचे पुडे दिले, अन् जाताना एकेका मशीनीच्या पाठीवर थाप मारून गेले.

सुट्टीनंतर शिवरामनं पयल्या लेथचा दांडा धरला, तर हलंना. दुसरा, हलंना. जोर लावला तर दांड्यासकट अख्खी मशीन थरथरायची. हात लावून बघितलं तर तेलाचं पिवळं कातडं झालेलं. डिंकावानी चिवट. करडईचं तेल पातळ लावून उघड्यावर ठिवलं की वाळतं, अन् वाळलं की राळ. रोज मशीन चालू हुती तवर ते वाळायला सवडच नव्हती, म्हनून कुनाला कळलं न्हाई. सुट्टीत कळलं.

मालक आले. एका मशीनीवर बोट ठिवलं, बोट चिकटलं. वढून काढलं. मंग शिवरामच म्हनला, "मालक, आता हिच्यावर पापड वाळत घाला. न्हाईतरी अन्नाचीच मशीन झालीय."

मालक हसले न्हाईत. त्यांचं तोंड मी तसं कदी बघितलं नव्हतं. माल द्यायची तारीख डोक्यावर.

आमी खरडायला बसलो. डिझेलचा बोळा लावायचा अन् बांबूच्या चिपाटीनं खरवडायचं, लोखंडाला वरखडा न जाऊ देता. मालक शर्ट काढून बनियनवर बसले आमच्याच वळीत. मालकीनबाई घरच्या जुन्या साड्या फाडून चिंध्या करून घेऊन आल्या, अन् त्या बी बसल्या. मशीनी सुटल्या, पन दिवस गेले ते गेले. आता घाईनं माल काढायचा तर शिवरामनं सरळ सांगितलं, "थेंबाचं नाव काढू नका. पांढरं पानी भरा." मालकांनी भरू दिलं. त्यांना हट्टापायी काम बुडवायचं नव्हतं. माल गेला, पन उशिरा. कंपनीनं निम्मं काम काढून शेजारी दिलं, अन् उरलेलं नव्या भावात.

अन् त्या नव्या भावात पांढऱ्या पान्याचा हिशेब बसंना. डरम भरायला लागले. गाडी बोलवायला पैसं न्हाई. रंगा टेम्पोवाला रोज दारात, "मालक, उचलू का? गाडीवाल्याच्या मानानं मी फुकटच." रंगा कुटं वततो ते समद्यांना ठावं. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला, वढ्यात.

एक दिवस मालकांनी आमाला बोलावलं. मान वर करनात. "दोघींना ठेवायचं जमंना," म्हनले. "एकीला..."

शिवराम मधी पडला. "मालक, गाडीसाठी साठवताय ते पैसं दुसरीच्या पगाराला द्या अन् डरम रंगाला द्या. अख्खी एमआयडीसी देती. तुमच्या चार डरमांनी वढ्याला काय व्हनार हाय? बाई कामावर ऱ्हाईल."

मालकांनी डाव्या खिशाला हात लावला, मंग उजव्या. तवा मला वाटलं की ते आता रंगाला हाक मारनार. त्यांची नजर माज्या हातांवर आली, मंग सुमनच्या हातांवर गेली, परत माज्यावर. सुमननं ते बघितलं.

सुमन म्हनली, "रंगाला देनार अन् त्यो वतनार कुटं? माज्या दारात. म्हंजी मला कामावर ठिवायला माज्याच म्हशीला ते पाजायचं व्हय? ऱ्हाऊ द्या मालक. मी जाते. अक्काचं कातडं पातळ हाय, ती तिकडं टिकायची न्हाई. माजं म्हशीचंच हाय."

असं म्हनून हसली. कुनालाच हसू आलं न्हाई.

मालकांनी सळईवरची एक सलाईनची बाटली काढली, तेलानं भरलेली, अन् नव्या हातमोज्यांचा जोड. दोनी तिच्या हातात दिले. "तिकडं रोज हाताला लाव. वाळू देऊ नको, चिकटतं." सुमन म्हनली, "ते तुमच्याहून मला चांगलं ठावं हाय, मी खरडलंय." अन् गेली.

दुसऱ्या दिवशी रंगा आला तर मालक दारात. "उचलू का?"

"न्हाई. पाहुन्यांना केबिन दिलीय."

आमाला वाटलं, चेष्टा. पन त्यांनी खरंच टेबल, खुर्ची, कपाट बाहेर लिंबाच्या झाडाखाली काढलं. डरम ठेवायला शेडात जागा नव्हती, उघड्यावर ठिवले तर पावसात वाहून वढ्यालाच मिळनार. केबिनीला पक्की फरशी, पक्कं छप्पर. समदे डरम केबिनात. पंख्याखाली डरम, अन् मालक उन्हात. कागदांवर लोखंडाचे तुकडे ठिवायचे उडू नये म्हनून. टेबलावर लिंबोळ्या पडायच्या, कावळे घान करायचे. थंडीत मफलर, उन्हाळ्यात डोक्यावर वला रुमाल, पावसात वर ताडपत्री.

पुन्याचा साहेब परत आला तर दचकला. "काका, केबिन कुठं गेली?"

"केबिनात पाहुने हायत."

"कोण?"

"तुमचेच. तुमच्याच मालाचे. बिल पास होत न्हाई म्हनले ना तुमी, मंग सांभाळतो. बसा, खुर्चीवरची लिंबोळी झटका."

साहेब उभा राह्यला. दार उघडून आत बघून आला. भाव वाढवून दिला न्हाई, खोटं कशाला सांगू. पन त्या दिवशी त्यानं पयल्यांदा अर्धा कप चहा पुरा प्याला.

झाडाखाली बसून मालकांचं डोकं परत चालायला लागलं. करडई वाळती, मंग न वाळनारं तेल कुटलं? त्यांच्या आज्याची बैलगाडी आठवली, चाकाला एरंडेल घालायचे ते. एरंडेल वाळत न्हाई. पन जाड, नळीतनं उतरंना, म्हनून त्यात शेंगदान्याचं मिसळलं. अन् ह्या येळंला आदी एका मोडक्या लेथला फासून अख्खा महिना तसंच ठिवलं, रोज बोट लावून बघितलं. एरंडेल महाग पडायचं, तर समद्याला लावलं न्हाई. पितळ कोरडंच कापायचं, फकस्त फुंकर. मधल्या लोखंडाला थेंब. अन् लईच निब्बर असंल तरच पांढरं पानी. शिवराम म्हनायचा, "मालक, एरंडेल दिलंय, आता मशीनीचं पोट साफ व्हनार." पन तोच थेंबाची चाकं नीट धरायला लागला.

बारा महिने काढले झाडाखाली. मंग गाडीपुरतं पैसं साठलं, तवा साफ करायला नेनारी खरी गाडी आली अन् केबिन मोकळी झाली. मालक स्कूटर घेऊन गाडीच्या मागं गेले, ती कुटं वतती ते बघायला. संध्याकाळी आले, धुळीनं माखलेले. "नीट उतरले पाहुने," म्हनले. दुसऱ्या दिवशी टेबल आत न्यायच्या आदी आमच्या वस्तीत आले, सुमनच्या दारात. मी संगंच हुते.

"हात बघू," म्हनले.

सुमननं हात पुढं केले. तिचं म्हशीचं कातडं बी फाटलं हुतं. मालक बघत राह्यले. सुमन म्हनली, "आता बघून काय करता? कवा यायचं ते सांगा."

ती आली परत. लई वर्सं आमी दोघी मंग तिथंच.

मालक दवाखान्यात पडले तवा मी बघाया गेल्ते. वाळून गेले हुते. वर सलाईनची बाटली, नळी हाताला. डोळं मिटलेलं. मी म्हनलं, झोपलेत, परत जावं. तर डोळं न उघडता म्हनले, "अक्का, चाक बघ गं. ह्या पोरी लई सोडत्यात."

सिस्टर म्हनली, "आजोबा, गप पडा. ते डॉक्टरनं ठरवलंय."

"ठरवलंय खरं. पन रिकामी बाटली कुटं टाकता?"

मालकीनबाई म्हनल्या, "सकाळपासनं हेच चाललंय. समद्या वार्डाला इचारून झालं."

मी फडक्यातनं भाकर आनली हुती. खातील का न्हाई ठावं नव्हतं, पन रिकाम्या हातानं कसं जायचं. बाईंनी त्यांना जरा बसतं केलं. मी फडकं सोडलं. मालकांनी भाकर हातात घेतली, पन मोडली न्हाई. उलटी केली. थापताना बोटं उठत्यात ना भाकरीवर, त्याच्यावरनं अंगठा फिरवत राह्यले. एकेका बोटावरनं.

"कुनी थापली?"

"मी."

"पाची उठल्यात," म्हनले, अन् मंग तुकडा मोडला.